शहराचा उतार कोणीकडे?

वाचकांच्या प्रश्नोत्तरांच्या या सदरासाठी गेल्या अंकात ‘पर्यावरणाला झेपेल असे शहर कसे उभे राहील?’ हा विषय दिला होता. सौरऊर्जा, विजेवर चालणारी वाहने, झाडे यांविषयी पत्रे येतील अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात आलेली बहुतेक पत्रे सांगली, मिरज आणि कुपवाडची निघाली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय पाणी हाच होता. कोठे ते जास्त, कोठे ते घाण, कोठे ते भलत्याच जागी. पाण्याच्या योजनांवर आयुष्य काढलेल्या माणसाला याचे नवल वाटायला नको होते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो आणि विश्रामबागेत भाड्याने राहतो. कर्नाळ रस्त्याच्या बाजूचा एक प्लॉट आमच्या आवाक्यात बसतो आहे. तो निळ्या पूररेषेच्या बाहेर पण लाल रेषेच्या आत आहे. एजंटांचे म्हणणे असे, की लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर; तो २०१९ मध्ये येऊन गेला, आता आपल्या हयातीत काळजी नाही. हे खरे मानावे का? (एक दांपत्य, सांगली)

उत्तर : एजंटांनी रेषेचा अर्थ ऐकलेला दिसतो, समजून घेतलेला दिसत नाही. निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल पूररेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा बांधकामाला निषिद्ध आणि दोन्ही रेषांमधला पट्टा नियंत्रित, म्हणजे अटींवर परवानगी मिळणारा, असतो. मात्र पुराला एसटीसारखे वेळापत्रक नसते. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ इतकाच, की कोणत्याही एका वर्षी त्या उंचीचे पाणी येण्याची शक्यता १ टक्का आहे, आणि गेल्या वर्षी पूर येऊन गेला म्हणून या वर्षीचा तो १ टक्का कमी होत नाही. आता हाच आकडा तुमच्या गृहकर्जाच्या ३० वर्षांना लावून पाहा. त्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते, म्हणजे जवळजवळ चारांत एक. निळ्या रेषेला टेकलेल्या घरासाठी तोच हिशेब ७० टक्क्यांच्या पुढे जातो. तुमचा प्लॉट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, तेव्हा त्याची जोखीमही या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असणार.

या रेषा आखताना मागच्या वर्षांचा पाऊस आणि मोजणीच्या वेळचे नदीपात्र गृहीत धरलेले असते, आणि दोन्ही गोष्टी स्थिर राहिलेल्या नाहीत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा ५४ फुटांच्या आसपास पोचले. सतरा पावसाळ्यांत तीन महापूर झाले. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे घाटात पूर्वी महिनाभर विखरून पडणारा पाऊस आता थोड्या दिवसांत कोसळण्याची धास्ती अधिक आहे.

बाहेरगावच्या पाहुण्यांना समजावून सांगावी लागते अशी एक गोष्ट येथे सांगतो, कारण तुम्ही सांगलीत नवे असाल तर ती तुम्हालाही उपयोगी पडेल. आपला पूर आपल्या पावसाचा नसतो. सांगलीत वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो आणि कृष्णेच्या उगमापाशी, महाबळेश्वरात, त्याच्या कित्येक पट होतो. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, आहे. ते भरत आलेले असताना घाटात पाऊस लागला तर पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. १ लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला १ लाख घनफुटांचा, प्रवाह २४ तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी खाली येते. कृष्णेला कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा मिळते, आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तुडुंब असली तर कृष्णेला पुढे सरकायला वाव न राहून फुगवटा मागे येतो. आपल्याकडे नदीला उतार फार थोडा आहे, त्यामुळे हा फुगवटा लवकर ओसरत नाही. म्हणून अंगणात चक्क ऊन पडलेले असताना मारुती चौकात पाणी चढते.

तरीही प्लॉट घ्यायचाच असेल तर नगररचना विभागाकडचा मंजूर पूररेषेचा नकाशा स्वतः पाहा, प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेअरकडून काढून घ्या आणि शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर २०१९ ची ओल कोठवर आली होती ते विचारा. शेजारी कागदापेक्षा अधिक खरे सांगतात. जोते कितीही उंच घेतले तरी घरापर्यंतचा रस्ता आठ-दहा दिवस पाण्याखाली असेल, विजेचा मीटर आणि पिण्याच्या पाण्याची टाकी कोठे असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री दवाखान्यात कसे न्याल, याची उत्तरे आधी लिहून काढा. माझे मत विचाराल तर त्याच पैशात उंचावरच्या भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा. स्वस्त प्लॉटच्या किमतीतून जे वजा झालेले असते ते पुढे फर्निचर, पंचनामे आणि जागरणे यांच्या रूपाने भरावे लागते.

प्रश्न : आमच्या कॉलनीत पंधरा वर्षांपूर्वी पाणी साचत नव्हते. पलीकडच्या शेतात प्लॉट पडले, प्रत्येकाने चार-चार फूट मुरूम टाकून जागा उंच केली आणि आता एक जोराचा पाऊस झाला की पाणी आठवडाभर आमच्या दारात थांबते. महापूर येतो तोही या भरावांमुळेच, असे सगळे म्हणतात. आम्हीही भर टाकून अंगण उंच करावे का? (एक वाचक, शामरावनगर, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी पाणी एकत्र आली आहेत आणि ती सोडवून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही. एक कृष्णेचे पाणी, जे घाटातून येते; दुसरे तुमच्याच भागात पडलेल्या पावसाचे, जे नदीकडे जायला निघालेले असते आणि वाटेत अडते.

पहिल्यापुरता हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर ४ फूट भर टाकली तर सुमारे १ लाख २३ हजार लिटर पाण्याची जागा मुरमाने घेतली. असे १०० प्लॉट भरले तर १ कोटी २३ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण १ लाख क्युसेकने वाहणारी कृष्णा दर सेकंदाला २८ लाख लिटरहून अधिक पाणी आणते. म्हणजे शंभर प्लॉटांच्या भरावाने अडवलेली जागा नदी साडेचार सेकंदांत भरून काढते. मुरमाच्या ट्रकांमुळे महापूर येतो ही समजूत म्हणूनच टिकत नाही. नदीच्या पुराला अडथळा करतात ते पूरमैदानावर आडवे टाकलेले लांबच लांब भराव, विशेषतः पुलांचे उंच जोडरस्ते, ज्यांच्याखाली पुरेशा मोऱ्या ठेवलेल्या नसतात. ते प्रवाहाला काटकोनात उभे राहून बंधाऱ्याचे काम करतात. कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाविषयीही तीन पत्रांत विचारणा आहे. तो दोन राज्यांमधला आणि लवादापर्यंत गेलेला विषय आहे, तो येथे चार ओळींत उरकण्याजोगा नाही. मात्र अलमट्टीचे दरवाजे उघडे असले काय आणि बंद असले काय, तुमच्या दारातले पाणी त्याने हलणार नाही.

तुमच्या दारातले पाणी दुसऱ्या जातीचे आहे, आणि तेथे मुरमाचा ट्रकच गुन्हेगार आहे. सांगलीतली जुनी माणसे ‘ओत’ हा शब्द वापरत. शेतांच्या मधून जाणारा, एरवी कोरडा आणि बाभळी उगवलेला सखल पट्टा, ज्यातून पावसाचे पाणी सावकाश नाल्याकडे आणि नाल्यातून नदीकडे जाई, आणि पुरात नदीचे पाणी त्याच वाटेने उलटे आत येई. ओताला काठ नसतो, पूल नसतो, उन्हाळ्यात तो ओत आहे हेही कळत नाही. त्यामुळे जमीन विकली जाताना तो सहज प्लॉटमध्ये जमा होतो. दोन-चार प्लॉट भरले की ती वाट तुटते, आणि सपाट गावात एका हाताचा उतार तुटला तरी पाण्याला दुसरी वाट मिळत नाही. काळी माती एकदा ओली होऊन फुगली की तिच्यातून पाणी खाली मुरतही नाही. म्हणून ते उभे राहते, हिरवे होते आणि डासांना घर मिळते.

दोष केवळ घर बांधणाऱ्यावर टाकणे मला पटत नाही. रीतसर बिगरशेती केलेला प्लॉट परवडत नसल्यामुळे हमाल, रिक्षाचालक, छोटे नोकरदार यांनी गुंठ्या-गुंठ्याने शेतजमीन घेतली. सांगलीत गुंठेवारीच्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर आहेत आणि २००१ मध्ये राज्याने त्या नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. कायद्याने घर कागदावर आले, पण आखणी करताना गटारासाठी जी जागा सोडायची असते ती घरे झाल्यावर कागदावरून आणता येत नाही. परवडणारे घर आणि पर्यावरण हे दोन वेगळे विभाग मानले जातात तोवर प्रत्येक ओतात कोणीतरी गरजू माणूस घर बांधणारच.

अंगणात भर टाकू नका. तुम्ही उंच झालात की पाणी तुमच्या मागच्या घरात जाईल आणि पुढच्या वर्षी ते भर टाकतील. ही चढाओढ मुरूमवाल्याशिवाय कोणाच्या हिताची नाही. त्याऐवजी पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन कॉलनीभर हिंडा आणि पाणी कोठून येते, कोठे थबकते, कोणत्या कोपऱ्यात उलटे फिरते, हे कागदावर बाणांनी काढा. मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा मिळवा; त्यावर नाले दाखवलेले असतात. दोन कागद शेजारी ठेवले की वाट कोठे तुटली ते बहुधा एका नजरेत कळते. रस्त्याच्या एका कडेने योग्य उताराची बंद गटार आणि तुटल्या जागी एक मोरी, एवढ्यावर पुष्कळदा भागते. मागणी करताना ‘पाणी साचते’ असा अर्ज देऊ नका, नकाशा जोडून ‘या जागी मोरी हवी’ असा द्या. माझ्या अनुभवाने पहिला अर्ज फायलीत जातो, दुसऱ्यावर निदान कोणीतरी जागा बघायला येते.

प्रश्न : आमच्या सोसायटीने छतावरच्या पावसाच्या पाण्यासाठी दोन शोषखड्डे घेतले, पण ते पहिल्याच पावसात भरून वाहू लागले. खड्डा चुकला की ही कल्पनाच फसवी आहे? (सोसायटीचे सचिव, गावभाग, सांगली)

उत्तर : कल्पना चांगली आहे, जागा चुकली. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाच्या पाण्याची सोय करणे राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने बंधनकारक केले आहे, आणि नियम सगळ्या शहराला एकच असल्यामुळे सगळीकडे एकसारखा खड्डा घेतला जातो. नदीकाठच्या जुन्या सांगलीत पावसाळ्यात भूजल मुळात वर आलेले असते आणि वरून काळ्या मातीचा थर असतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्यासारखे ते आहे. कुपवाडच्या उंच भागात मुरूम आणि भेगाळलेला काळा दगड आहे, तेथे विहीर किंवा कूपनलिका पुन्हा भरण्याचा उपयोग नक्की होतो.

तुमच्याकडे पाणी मुरवण्यापेक्षा साठवणे शहाणपणाचे. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. तुमचे छत २०० चौरस मीटर धरले आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले, तरी ६०० मिलिमीटरमध्ये सुमारे ९६ हजार लिटर हाती येते. ते सगळे साठवण्याइतकी टाकी कोणी बांधणार नाही. पण १० हजार लिटरची टाकी पावसाळ्यात अनेकदा भरते आणि संडास, जिने, गाड्या धुणे यांचे काम निभावते. पहिल्या पावसाचे पाणी छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडण्यासाठी नळीला वेगळी तोटी ठेवा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पाठवले गेले, हे आपण स्टेशनवर उभे राहून पाहिले आहे. ज्या गावातून पाण्याची गाडी सुटते त्या गावाला छताचे पाणी मोजण्याचे सुचत नाही, हे समजण्यासारखेच म्हणायचे.

प्रश्न : सांगलीत कृष्णेला मिळणाऱ्या शेरी नाल्याच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शेतीला देण्याबद्दल मी लहानपणापासून ऐकते आहे. प्रक्रिया केलेले पाणी उसाला दिले की नदीही वाचेल आणि शेतकऱ्याचेही भले होईल, मग अडते कोठे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडे आकड्यांत शिरू. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे १०८ लिटर. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाखांच्या वर होती. त्याच संख्येवर रोजचे सांडपाणी ५ कोटी ४० लाख लिटर होते. घरगुती सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते आणि स्नानायोग्य नदीत ती ३ च्या आत असावी लागते. म्हणजे १ लिटर कच्चे सांडपाणी पचवायला नदीचे शंभराहून अधिक लिटर चांगले पाणी लागते. पावसाळ्यात ते असते. एप्रिल-मे महिन्यांत बंधाऱ्यांमागे पाणी उभे असते तेव्हा ते नसते, आणि नदीचा रंग बदलल्याच्या बातम्या नेमक्या त्याच दिवसांत का येतात ते यावरून ध्यानात येईल.

अडचण पहिली उताराची. कास तलावातून साताऱ्याला पाणी उताराने येते. आपल्याकडे सांडपाणी उताराने जाऊ शकत नाही. शहर सपाट आहे आणि नैसर्गिक उतार नेमका नदीकडे आहे. त्यामुळे ते ठिकठिकाणी उपसून उलट्या दिशेला, उंचावर, धुळगावकडे न्यावे लागते. १ हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला शास्त्राप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात पंप आणि नळ यांच्या नुकसानीमुळे त्याहून जास्त. वीज गेली, पंप जळला, बिल थकले, की पाणी आपल्या जुन्या वाटेने नदीत जाते. प्रकल्प उभारण्याचा खर्च एकदाच होतो आणि त्याचे उद्घाटन होते. पंपाचा गाळ काढण्याचा खर्च दर महिन्याला होतो आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. सांडपाण्याच्या योजना बहुतेक ठिकाणी याच ठिकाणी लंगडतात.

दुसरी अडचण उसाची. प्रक्रियेने सेंद्रिय घाण जाते, विरघळलेले क्षार जात नाहीत. साबण आणि धुण्याच्या पावडरीतला सोडियम तसाच राहतो. कृष्णाकाठची कितीतरी काळी जमीन अति पाण्याने आधीच क्षारपड झालेली आहे. अशा जमिनीला सोडियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे पाटाने दिले तर माती चिकटून बसते आणि पाण्याचा निचरा संपतो. त्यामुळे हे पाणी देण्याआधी जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या घालणे, मातीची दर हंगामाला तपासणी करणे आणि ठिबकने मोजके देणे, ही कामे योजनेचाच भाग मानावी लागतील. तुम्ही विज्ञान शाखेत असाल तर एखाद्या शेतातली माती दोन-तीन वर्षे तपासत राहा. ते काम कोणीतरी करायला हवे आहे.

प्रश्न : मी ओला आणि सुका कचरा वेगळा करते आणि घंटागाडीत तो माझ्या डोळ्यांदेखत एकत्र होतो. मग मी हा खटाटोप का करावा? (एक गृहिणी, मिरज)

उत्तर : राग रास्त आहे. कचरा घरातच वेगळा करावा असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले, पण गाडीत दोन कप्पे नसले तर तो नियम घरच्या बायकांची शिक्षाच होतो. तरीही ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच न देणे तुमच्या हातात आहे. बुडाला भोके पाडलेल्या दोन जुन्या बादल्या, थोडा पालापाचोळा, मूठभर माती आणि आंबट ताक. एक बादली भरेपर्यंत दुसरीचे खत होते. ओला कचरा डेपोच्या ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या मुदतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. राहिलेला कोरडा कचरा भंगारवाला आनंदाने नेतो. आणि एक विनंती, शेजारच्या नाल्यात प्लास्टिकच्या पिशव्या टाकणाऱ्याला हटका. वर शामरावनगरच्या वाचकांना सुचवलेली मोरी चार पिशव्यांनी बंद होते.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. दर पावसाळ्यात आमच्या भागात वृक्षारोपण होते, रोपे जगत नाहीत, आणि मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. कोणती झाडे लावावीत? (मिरज)

उत्तर : गुरुजी, कोणती लावावीत यापेक्षा जी उभी आहेत त्यांचे गळे सोडवावेत, हे मला अधिक निकडीचे वाटते. आपल्याकडे झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट आणून भिडवतात. मुळांना ना पाणी मिळते ना हवा, आणि मग वादळात झाड पडले की झाडालाच नावे ठेवतात. बुंध्याभोवती निदान चार फुटांचे आळे उघडे राहावे. महाराष्ट्रात नागरी भागांतल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. तुमच्या गल्लीतली अशी झाडे मोजून त्यांची यादी संबंधित कार्यालयात दिलीत तर शंभर रोपांपेक्षा मोठे काम होईल. नवी लावायचीच असतील तर रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, बहावा आणि नाल्याच्या व नदीच्या काठाला उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज लावावीत; ही शेवटची चार पाण्यात पाय बुडवून उभी राहणारी आहेत आणि काठाची माती धरतात.

प्रश्न : मी रोज सांगलीहून मिरजेला कामाला जातो. विजेवरची स्कूटर घेतली तर प्रदूषण खरेच कमी होते का, वीज तर कोळशाचीच ना? (एक कर्मचारी, सांगली)

उत्तर : देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे हे खरे; तरीही विजेची मोटार पेट्रोलच्या इंजिनापेक्षा ऊर्जेचा बराच चांगला उपयोग करते, आणि धूर निदान चौकात सुटत नाही. घराच्या छतावर सौर पॅनेल असेल तर प्रश्नच मिटला. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण सांगली-मिरज रस्त्यावर चाळीस स्कूटरना जेवढी जागा लागते तेवढ्यात तीन-चार बसगाड्या मावतात. दर दहा मिनिटांनी बस आली असती तर तुम्हाला हा प्रश्न पडला नसता आणि वडापला, म्हणजे माणसे कोंबून नेणाऱ्या खासगी गाड्यांना, लटकून जाणाऱ्यांनाही नाही.

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहतो. आमच्याकडे उतार भरपूर, पूर येत नाही, कासचे पाणी येते. सांगलीच्या मानाने आमचे शहर पर्यावरणदृष्ट्या सुस्थितीत आहे असे म्हणता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : उताराचे देणे साताऱ्याला मिळाले आहे यात शंका नाही. कास तलाव शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आणि शहराहून बराच उंच आहे, त्यामुळे ते पाणी आणण्यासाठी पंपावर वीज जाळावी लागत नाही. त्याही आधी महादरे तळ्याचे पाणी खापरी नळांतून शहरातल्या हौदांत खेळवलेले होते, आणि त्या हौदांची उंची एकाखाली एक अशी हिशेबाने ठरवलेली होती. आजचा अभियंता ज्याला गुरुत्व योजना म्हणतो ती साताऱ्याच्या पेठांत मुरलेली आहे.

पण हे पाणी वरून येते म्हणूनच वरच्या जागेचे दुखणे लगेच खाली उतरते. कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे, त्यावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यात मुरलेले पाणी झिरपत झिरपत तलावाला मिळते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर या पठाराला जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि लोक फुले पाहायला जाऊ लागले. त्यांच्या मागोमाग यवतेश्वर ते कास रस्त्याच्या कडेने बांधकामेही चढू लागली. डोंगर उभा कापून काढलेली सपाटी, तिथला शोषखड्डा आणि जांभ्याच्या भेगा यांचा संबंध जोडायला मोठे शास्त्र लागत नाही. तुमच्या पायथ्याच्या घरालाही हेच लागू आहे: किल्ल्याच्या उतारावरून येणारे ओढे घरांच्या पायऱ्यांखाली आणि दुकानांच्या फरशांखाली गेले आहेत, आणि एका तासात चार इंच पाऊस झाला तर ते आपली जागा शोधत वर येतील. सपाट शहरात पाणी सावकाश चढते, माणसाला गाद्या माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. उतारावर तो मिळत नाही.

पूर आमच्याकडे येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. साताऱ्याचे ओढे वेण्णेला आणि कृष्णेला मिळतात, माहुलीच्या संगमाखाली ते पाणी एक होते आणि कराडवरून, वाटेतल्या सगळ्या गावांचे सांडपाणी पोटात घेऊन, सांगलीच्या जॅकवेलपर्यंत, म्हणजे शहरासाठी नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीपर्यंत, येते. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की घराचा सेप्टिक टँक ओढ्याला जोडला तर चालेल का, कारण मैला काढणारी गाडी गल्लीत येत नाही. चालणार नाही. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या, आणि टाकी दर दोन-तीन वर्षांनी लांब पाइप असलेल्या गाडीकडून उपसून घ्या. असा पाइप गल्लीच्या तोंडापासून आत येतो, फक्त आधी अंतर मोजून सांगावे लागते.